पेशींच्या घड्याळावर किती विसंबावे?

‘तुमचे खरे जैविक वय सांगतो’ अशी जाहिरात करून रक्ताची वा लाळेची चाचणी आता विकली जाते. तिच्यामागचे संशोधन अस्सल आहे. आक्षेप आहे तो आकड्याला चिकटवलेल्या अर्थावर.

डीएनएतील सायटोसिन या घटकावर ठिकठिकाणी मेथिल गट जोडलेले असतात. त्यांमुळे जनुकाची अक्षरे बदलत नाहीत, मात्र कोणते जनुक कामाला लागेल यावर परिणाम होऊ शकतो. वयाबरोबर हे गट काही जागी वाढतात, काही जागी घटतात. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ साली सुमारे ८,००० नमुन्यांवरून अशा ३५३ जागा निवडल्या आणि वय ओळखणारे सूत्र मांडले. त्यात चूक साधारण ३.६ वर्षांची. कौतुक करावे असेच हे काम आहे.

पण सूत्र बसवले कशावर? जन्मतारखेवरच! ते अगदी अचूक झाले, तर जन्मदाखल्यापेक्षा जास्त काहीच सांगणार नाही. म्हणजे खरा रस उरतो तो चुकीत. पहिली ते चौथीच्या मुलांची उंची मोजून वयाचे कोष्टक करून पाहा. एखादा उंच मुलगा त्यात दोन वर्षांनी मोठा निघेल. तो खरोखर पुढे गेला, की त्याचे आईवडील उंच आहेत? की पट्टीच वाकडी धरली होती?

पट्टीची शंका फिजूल नाही. एकाच नमुन्याची दोनदा मोजणी केली तर काही प्रचलित घड्याळांत ९ वर्षांपर्यंत फरक पडतो, असे २०२२ साली दाखवले गेले. त्याआधी २०२१ साली आठ आठवड्यांच्या आहार-व्यायामाने वय ३.२३ वर्षांनी उतरल्याची बातमी गाजली होती. त्या प्रयोगात पुरुष होते अवघे ४३. शिवाय रक्तात अनेक प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांचे परस्परप्रमाण वयाबरोबर बदलते. खिचडीत डाळ वाढली म्हणून तांदूळ पिवळा झाला असे आपण म्हणत नाही.

म्हणूनच मोठ्या लोकसमूहांचे अभ्यास मोलाचे. स्कॉटलंडमधील लोथियन भागात १९२१ व १९३६ साली जन्मलेल्यांचे गट आणि अमेरिकेतील दोन गट एकत्र घेऊन २०१५ साली एक निष्कर्ष निघाला: घड्याळ पाच वर्षे पुढे असेल, तर त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत मृत्यूचा धोका सुमारे २१ टक्के जास्त. हा धोका समूहाचा. त्यातून एका माणसाचे भविष्य निघत नाही, की मेथिल गट हे कारण आहे असेही ठरत नाही.

आणखी एक गोम आहे. तिशीतले आणि ऐंशीतले लोक एकाच दिवशी तपासले, तर वयाबरोबर त्यांच्या बालपणाचा काळही वेगळा असतो. आणि ऐंशीतले तर जगून उरलेलेच असतात. लोथियनमध्ये तीच माणसे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासली गेली. पुढच्या वेळी वर्गात अशी बातमी आली, तर विद्यार्थ्यांना आधी एवढेच शोधायला लावावे: मोजलेली माणसे किती, आणि दुसऱ्या खेपेला तीच होती का?