जगाचे गणित आणि माणसाचे ताट

काही पुस्तके वाचली थोडी जातात आणि त्यांच्यावर वाद मात्र फार होतात. १९७२ साली निघालेले ‘द लिमिट्स टू ग्रोथ’, म्हणजे ‘वाढीच्या मर्यादा’, हे त्यांपैकीच एक. ‘क्लब ऑफ रोम’ या मंडळाच्या सांगण्यावरून अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत त्याचे काम झाले. डोनेला मेडोज आणि तिच्या तीन सहकाऱ्यांनी ते लिहिले. लोकसंख्या, अन्न, कारखानदारी, खनिजे आणि प्रदूषण या पाच गोष्टी एकमेकींना कशा ओढतात याची समीकरणे मांडून त्यांनी १९०० ते २१०० या दोनशे वर्षांचे आलेख संगणकाकडून काढून घेतले.

पंचांगातले भविष्य समजून कोणी या पुस्तकाला पूजले, कोणी झोडपले. दोन्ही पक्षांनी त्यातला ‘जर’ वाचलाच नाही. असेच चालू राहिले तर घसरण होईल, असे लेखक म्हणतात. मग खनिजांचा साठा दुप्पट धरून पाहतात, तर प्रदूषण आडवे येते. कादंबरीकारही निराळे काय करतो? पात्रे एकत्र आणतो आणि पुढे काय होते ते पाहतो.

माझ्या मते या ग्रंथाचा खरा नायक आहे विलंब. दिवाळीच्या पहाटे ज्यांनी बंब पेटवला असेल त्यांना हे सांगायला नको. पाणी अजून कोमटच, म्हणून आणखी ढलप्या सारायच्या. आणि मग ते असे कढते की विसण पुरत नाही! जगाचेही तसेच. डी.डी.टी.चा वापर १९७० पासून कमी होत गेला असे धरले, तरी माशांच्या अंगातले त्याचे प्रमाण दहा वर्षांहून अधिक काळ वाढतच राहील आणि १९७० च्या पातळीवर यायला १९९५ उजाडेल, असा हिशेब पुस्तकात आहे. परिणाम दिसू लागल्यावर हात आवरणारा नेहमी उशिराच आवरतो, हा धडा एवढ्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळतो.

पण एक उणीव मला बोचते. या गणितात सारे जग एकच घर आहे. भरल्या ताटावरचा आणि रिकाम्या ताटावरचा यांची सरासरी काढली की दोघेही अर्धपोटी दिसतात. प्रत्यक्षात एक उपाशीच असतो. अर्जेंटिनातील बारिलोचे येथील संशोधकांनी १९७६ मध्ये आपले निराळे प्रतिमान मांडले, ते याच मुद्द्यावर. त्यांचे म्हणणे असे, की अडचण जमिनीची वा खनिजांची नसून वाटणीची आणि सत्तेची आहे. लगाम खेचायचा हे मान्य. पण पहिला घास कोणाच्या ताटातून काढायचा?

मेडोजबाईंचे पुस्तक या प्रश्नाच्या दारापर्यंत आणून सोडते. आत जाण्याचे काम समीकरणांचे नव्हे, आपले आहे. वाचकांनी ते पुस्तक जरूर वाचावे, मात्र प्रत्येक आलेखाखाली जेवायला बसलेली माणसे विसरू नयेत.