बेचाळीस सेकंद आणि चाळीस वर्षं

केव्हिन रॅफर्टीच्या ‘हार्वर्ड बीट्स येल २९-२९’ या माहितीपटाचा शेवट त्याच्या नावातच सांगितलेला आहे. बघायला बसणाऱ्याला निकाल ठाऊक असतो, गुणसंख्या ठाऊक असते, आणि तरीही शेवटच्या मिनिटाला तो खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. २००८ साली आलेल्या या चित्रपटात अमेरिकन फुटबॉलचा सामना एकच आहे: २३ नोव्हेंबर १९६८, शनिवार, हार्वर्डचं स्टेडियम, चाळीस हजारांवर प्रेक्षक. शीर्षक हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या ‘क्रिमसन’ या दैनिकाने दिलेल्या मथळ्यावरून घेतलेलं. बरोबरीत सुटलेल्या सामन्याला त्या मथळ्याने विजय म्हटलं. रॅफर्टी स्वतः हार्वर्डचा. पण चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की त्याने शीर्षक हार्वर्डला दिलं आणि काळीज येलला.

हे कळायला त्या हंगामाची मांडणी ध्यानात घ्यावी लागते. आयव्ही लीग म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या आठ जुन्या विद्यापीठांची स्पर्धा. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. मैदानावर उतरणारा मुलगा सोमवारी इतरांसारखाच वर्गात बसतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून दर शनिवारी एक सामना, आणि नियमित हंगामाचा शेवट हार्वर्ड विरुद्ध येल. या लढतीला तिथे नुसतं ‘द गेम’ म्हणतात. १९६८ मध्ये दोन्ही संघ आठपैकी आठ सामने जिंकून या शनिवारपर्यंत पोचले होते. दोघेही असे निष्कलंक येण्याची वेळ १९०९ नंतर प्रथमच आली होती.

दोघांचं निष्कलंक असणं मात्र सारखं नव्हतं. येल आदल्या हंगामापासून सलग सोळा सामने जिंकत आलेला, देशातल्या पहिल्या वीस संघांत गणला जाणारा. त्यांचा कर्णधार आणि क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, ब्रायन डाउलिंग शाळकरी वयापासून असा एकही सामना हरला नव्हता, ज्यात तो शेवटपर्यंत मैदानावर होता. गॅरी ट्रुडो नावाच्या येलच्या विद्यार्थ्याने त्याच शरद ऋतूत विद्यापीठाच्या दैनिकात चित्रमालिका सुरू केली आणि डाउलिंगवरून त्यात ‘बी. डी.’ हे पात्र रेखाटलं. हीच मालिका पुढे ‘डून्सबरी’ म्हणून देशभर गाजली. डाउलिंगच्या शेजारी कॅल्विन हिल होता. पुढच्याच वर्षी डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाने त्याला खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत निवडलं. हार्वर्डकडे असं कुणी नव्हतं. त्यांच्याकडून हंगामाच्या सुरुवातीला फारशी अपेक्षाही नव्हती. चिवट बचावाच्या बळावर ते एकेक शनिवार पार करत आले होते.

रॅफर्टीचं तंत्र अगदी साधं आहे, आणि मला तिथेच त्याची थोरवी दिसते. त्याच्याजवळ बॉस्टनच्या एका वाहिनीने केलेलं सामन्याचं रंगीत चित्रण होतं. त्याच्या अधूनमधून तो साठीला आलेल्या त्याच खेळाडूंना त्यांच्या घरात, कॅमेऱ्यासमोर बसवतो. निवेदक नाही. क्रीडातज्ज्ञ नाहीत. १९८२च्या ‘द अ‍ॅटॉमिक कॅफे’मध्येही त्याने आणि त्याच्या सहदिग्दर्शकांनी निवेदन टाळून जुन्या चित्रफितींनाच बोलू दिलं होतं. इथे तो एक पाऊल पुढे जातो. माणूस आठवतो, आणि लगेच चित्रफीत दाखवते. कधी दोन्ही जुळतं, कधी आठवण एकीकडे जाते आणि चेंडू दुसरीकडे. पण दिग्दर्शक कुणाला खोटं पाडत नाही. चाळीस वर्षांत माणसाने स्वतःला जी गोष्ट सांगितली, तिलाही तो चित्रफितीइतकाच मान देतो.

चेहरेही काय मिळाले आहेत! हार्वर्डच्या आक्रमक फळीतला गार्ड टॉमी ली जोन्स पुढे मोठा अभिनेता झाला. इथे तो एकेक शब्द तोलून, मध्ये लांब थांबत बोलतो. पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झालेला अल गोर हा जोन्सचा खोलीसोबती. हार्वर्डचा पॅट कॉनवे शिक्षण मध्येच सोडून मरीन म्हणून व्हिएतनामला गेला, खे सानच्या वेढ्यात राहिला आणि परत येऊन त्याच वर्षी बचाव फळीत उभा राहिला. त्याच संघात युद्धविरोधी विद्यार्थी संघटनेचा सदस्यही होता. एप्रिलमध्ये मार्टिन ल्युथर किंग, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले. कॉलेज संपताच लष्करात भरती होण्याची टांगती तलवार प्रत्येकावर. या साऱ्याचं व्याख्यान चित्रपट देत नाही. दोन डावांमधल्या उसंतीत कुणीतरी सहज बोलून जातं, आणि पुढचा डाव सुरू होतो. त्या मुलांचं वर्ष तसंच गेलं असणार: एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत.

आता गुणफलक वाचू या, कारण या कथेचं व्याकरण त्यात आहे. गोलरेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. त्यानंतर एक संधी मिळते: किक मारून एक गुण, किंवा जोखीम पत्करून पुन्हा धाव वा पासने दोन. येलने पहिले तीन टचडाउन केले. पहिल्या दोनांनंतर एकेक गुण, तिसऱ्यानंतर दोन. बावीस-शून्य. मग हार्वर्डच्या प्रशिक्षकांनी राखीव क्वार्टरबॅक फ्रँक चँपीला उतरवलं. मुळात भालाफेक करणारा, अबोल, फारसा अनुभव नसलेला मुलगा. त्याने मध्यंतरापूर्वी एक टचडाउन मिळवून दिलं, पण पुढचा एक गुण हुकला. बावीस-सहा. तो हुकलेला गुण मला या सामन्याचा कणा वाटतो. तो मिळाला असता आणि बाकी सारं तसंच घडलं असतं, तर हार्वर्ड तीस-एकोणतीस असं जिंकलं असतं. असे विजय दर वर्षी होतात आणि विसरलेही जातात.

शेवटच्या सत्रात येल एकोणतीस-तेरा असं पुढे होतं, आणि चार मिनिटांहूनही कमी वेळ उरला असताना पुन्हा हार्वर्डच्या गोलरेषेजवळ पोचलं होतं. तिथे त्यांच्या हातून चेंडू निसटला. हार्वर्डला जवळपास सगळं मैदान पार करायचं होतं. वाटेत चँपीच्याही हातून चेंडू पडला, आणि एरवी चेंडू घेऊन न धावणाऱ्या फ्रिट्झ रीड या धिप्पाड टॅकलने तो उचलून थेट पंधरा यार्डांच्या रेषेपर्यंत नेला. पुढचा पास झेलून ब्रूस फ्रीमनने टचडाउन केलं. बेचाळीस सेकंद उरले होते.

इथून रॅफर्टी घाई करत नाही. दोन गुणांचा प्रयत्न फसतो, पण येलवर पेनल्टी लागते; दुसऱ्या प्रयत्नात गस क्रिम घुसतो. एकोणतीस-एकवीस. मग मुद्दाम आखूड मारलेली किक, आणि चेंडू हार्वर्डच्याच अंगाखाली. चँपी धावतो, येलच्या खेळाडूकडून त्याच्या हेल्मेटची जाळी ओढली जाते, आणखी पंधरा यार्ड मिळतात. त्या दिवशी आपण समोरच्याला इजा करण्याच्या इराद्यानेच खेळत होतो, हे येलचा एक माजी खेळाडू कॅमेऱ्यासमोर सरळ सांगतो. ते ऐकताना त्याचा राग येत नाही. इतकी वर्षं तो कशासोबत जगला, ते दिसतं. शेवटचे तीन सेकंद. चँपी मागे सरतो, घेरला जातो, सुटतो, आणि कोपऱ्यात एकट्या उभ्या कर्णधार व्हिक गॅटोकडे चेंडू जातो. घड्याळ शून्यावर. प्रेक्षक मैदानात उतरलेले. त्यांना बाजूला सारून दोन गुणांसाठीचा शेवटचा डाव खेळला जातो. पीट व्हार्नी चेंडू छातीशी धरतो. हा व्हार्नी पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये कॅचर झाला. कॉलेज फुटबॉलमध्ये तेव्हा जादा वेळ नव्हता. तो १९९६ मध्ये आला. त्यामुळे एकोणतीस-एकोणतीस हाच निकाल.

हार्वर्डचे खेळाडू हे सांगताना पुन्हा वीस वर्षांचे होतात. त्यांच्या बाजूने हा वीररसाचा आणि अद्भुताचा सोहळा आहे, आणि तो दाखवणं सोपं होतं. कठीण काम येलचं होतं. डाउलिंग हरला नाही. शाळेपासूनचा तो अभंग विक्रम कागदावर तसाच राहिला. तरी त्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या बोलण्यात जे झिरपतं ते पराभवाहून वेगळं आहे. पराभव पत्करून माणूस पुढे जातो. यांना पत्करायला पराभवही मिळाला नाही. कुणी पंचांच्या निर्णयाबद्दल बोलतो, कुणी त्या निसटलेल्या चेंडूबद्दल, कुणी शांतपणे म्हणतो की जिंकलो असतो तर आज इथे कुणी विचारायलाच आलं नसतं. हा करुणरस रडका नाही. साठीच्या माणसाला शोभेल असा, स्वतःशी तडजोड झालेला आहे, आणि काहींची ती अजून झालेली नाही, हेही दिग्दर्शक लपवत नाही.

फ्रँक चँपीने पुढच्या हंगामात काही सामन्यांतच फुटबॉल सोडून दिला. ज्याच्या नावावर ते बेचाळीस सेकंद आहेत, त्याला त्याहून जास्त नको होतं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. शौर्याला पुढे चालू ठेवण्याची सक्ती नसते, असं त्याचा शांत चेहरा बघताना जाणवतं.

अमेरिकन फुटबॉलचा एकही नियम ठाऊक नसलेल्या वाचकाने हा चित्रपट बिनधास्त पाहावा. सहा, एक आणि दोन एवढी बेरीज पुरेशी आहे. आणि पाहताना चेंडूकडे एकदा, चेहऱ्यांकडे दोनदा लक्ष द्यावं. अधिकृत नोंदीत १९६८च्या हंगामासमोर दोन्ही संघांचे आकडे एकच आहेत: आठ विजय, शून्य पराभव, एक बरोबरी. आयव्ही लीगचं त्या वर्षीचं विजेतेपद हार्वर्ड आणि येल यांना विभागून देण्यात आलं.