गाठ गेली, मग पुढचे डोस कोणासाठी?

ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगाच्या गाठीत टी पेशी पोचलेल्या असतात, पण बऱ्याचदा त्यांच्यावर ‘पीडी-१’चा ब्रेक लागलेला असतो. पेम्ब्रोलिझुमॅब हा ब्रेक सोडवतं. ‘कीनोट-५२२’ या चाचणीत शस्त्रक्रियेआधी केमोसोबत ते दिल्यावर ६४.८ टक्के रुग्णांच्या स्तनात आणि काखेतल्या लिम्फ नोडमध्ये पसरणारा कर्करोग उरला नाही. नुसत्या केमोने हेच प्रमाण ५१.२ टक्के होतं. फायदा खरा आहे. २०२४ मध्ये जगण्याच्या आकड्यांतही तो दिसला.

पण दुसरा आकडा पुन्हा बघा. निम्म्या जणींची गाठ या औषधाशिवायच गेली होती! तरी पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटात शस्त्रक्रियेनंतर आणखी नऊ डोस ठरलेले होते, गाठ गेलेली असो वा नसो. त्या नऊ डोसांनी वेगळं काय साधलं, हे या रचनेतून कळूच शकत नाही. आणि ब्रेक सुटलेल्या पेशी थायरॉईडवर, ॲड्रिनल ग्रंथींवरही हल्ला करू शकतात. मग काहींना आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात.

म्हणून पुढच्या चाचण्यांचे निकाल वाचताना ‘किती जणींना फायदा?’ याबरोबर ‘कोणाला कमी डोस पुरले असते?’ हेही विचारा.