‘कर्तन-सामर्थ्य’ : एका संज्ञेची चिकित्सा

स्थापत्यशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘शिअर’साठी ‘कर्तन’ हा पर्याय रूढ आहे. कापणे या अर्थाच्या ‘कृत्’ धातूपासून तो साधलेला असून ‘कातर’ हा शब्द त्याच कुळातील होय. इंग्रजी शब्दामागेही कातरीचेच चित्र आहे. भाषांतर म्हणून पर्याय निर्दोष आहे. सदोष आहे ते चित्र.

काँक्रीटची तुळई आधाराजवळ फुटते ती कातरल्यासारखी नव्हे. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण फार थोडा. म्हणून तिरकस ताणाने तिला तिरपी भेग पडते. रिटर याने 1899 मध्ये, व त्यानंतर मोर्शने, भेगाळलेल्या तुळईत छपराच्या कैचीसारखी रचना पाहिली : तिरपे काँक्रीट दाब घेते, उभ्या रिंगा ताण घेतात.

‘सामर्थ्य’ हे उत्तरपदही तपासण्याजोगे आहे. आय. एस. 456 या मानकाच्या 2000 च्या आवृत्तीत एम 20 काँक्रीटचे हे मूल्य ताण-पोलाद 0.25 टक्के असता 0.36, तर 1 टक्का असता 0.62 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे. काँक्रीट तेच; बदलल्या त्या आडव्या सळ्या. अर्थात हा द्रव्याचा गुण नसून संपूर्ण छेदाच्या वर्तनाचा सोयीचा अंक होय. जुना अमेरिकन नियम मात्र अनुज्ञेय प्रतिबल केवळ काँक्रीटच्या दाब-सामर्थ्यावरून ठरवीत असे. 1955 मध्ये ओहायोतील विल्किन्स हवाईदल आगाराच्या गुदामाचे छत कोसळले. भंगस्थानी तुळयांत रिंगा नव्हत्या. त्यानंतर तो नियम बदलावा लागला.

संयुक्त तुळईत घोटाळा दुणावतो. आधी ओतलेल्या तुळईवर मागाहून स्लॅब ओतला की, सांध्यावर आडवी सरक संभवते. सरकताना खडबडीत पृष्ठे किंचित विलग होतात, सांधा ओलांडणाऱ्या सळ्या ताणल्या जातात आणि त्या ताणाने सांधा आवळला जाऊन घर्षण वाढते. यासही ‘कर्तन’च म्हणतात. परिणामी तिरप्या भेगेसाठी पुरेशा रिंगा सांध्यासही पुरेशा, असा समज सहज होतो. रिंगा सांध्याखालीच संपल्या व पृष्ठ गुळगुळीत राहिले, तर दोन्ही भाग वेगवेगळे वाकतात; समान रुंदी-खोलीचे दोन आयत निर्बंध सरकल्यास त्यांची ताठरता एकसंध छेदाच्या चौथाईवर येते.

गणित बरोबर असल्यास नावाने काय बिघडते, असा आक्षेप संभवतो. परंतु कोणते गणित करावयाचे, हे प्रथम नावच सुचविते. म्हणून ‘कर्तन’ हा शब्द बलापुरता राखावा आणि भंगाच्या दोन प्रकारांस ‘तिरकस ताण’ व ‘सांध्याची सरक’ अशी पृथक् नावे द्यावीत, हे अध्यापनाच्या दृष्टीने इष्ट ठरेल.