शालेय बास्केटबॉलमधील पंचांच्या नियमचुका : कलम 44 चा विचार

'पंचाचा निर्णय अंतिम' हे सूत्र शालेय सामन्यांत सरसकट लावले जाते. ते ग्राह्य वाटत नाही. ट्रॅव्हलिंग न दिसणे ही निरीक्षणातील चूक होय. मात्र देय फ्री थ्रो नाकारणे वा तो भलत्याच खेळाडूला देणे ही नियमाच्या अंमलबजावणीतील चूक असून, फिबाच्या नियमावलीतील कलम 44 नुसार ती सुधारता येते. अट एवढीच, की चुकीनंतर घड्याळ सुरू होऊन चेंडू प्रथम डेड झाल्यावर, तो पुन्हा लाइव्ह होण्यापूर्वी ती लक्षात यावी. पालकांच्या आरडाओरड्यात (तो बहुधा ट्रॅव्हलिंगसाठीच असतो) ही अल्प मुदत निसटते आणि हक्काचे गुण मुलांना मुकावे लागतात. डेड बॉलच्या वेळी, घड्याळ थांबलेले असताना, संघनायकाला पंचांकडे सौजन्याने विचारणा करता येते. प्रशिक्षकांनी हे सरावातच शिकवावयास हवे.