वारसाचे अपात्रत्व : उद्योगपर्वातील एक युक्तिवाद

ज्येष्ठ पुत्रास राज्यापासून दूर करता येते काय, हा प्रश्न महाभारतात केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही; तो कथनाचाही होतो. उद्योगपर्वात धृतराष्ट्र कुरुसभेत दुर्योधनाला आपल्या कुलाचा पूर्वेतिहास सांगतो, ते भाषण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

धृतराष्ट्र तीन दाखले देतो. ययातीने ज्येष्ठ यदूला डावलून कनिष्ठ पूरूला राज्य दिले. प्रतीपाने देवापीच्या अभिषेकाची सिद्धता केली. परंतु त्वचारोगामुळे ब्राह्मणांनी व पौरजानपदांनी ती रोखली आणि अखेर राज्य शंतनूकडे गेले. तिसरा दाखला स्वतः धृतराष्ट्राचा : ज्येष्ठ असूनही अंधत्वामुळे तो वगळला गेला.

पहिल्या दोन दाखल्यांतील फरक महत्त्वाचा आहे. आदिपर्वात ययातीच्या निर्णयास प्रजा प्रथम हरकत घेते आणि शुक्राचार्यांचा वर कळल्यावरच संमती देते. देवापीच्या बाबतीत पित्याची इच्छा प्रजेपुढे टिकत नाही. म्हणजे वारस दूर होतो तो एकट्या राजाच्या शब्दाने नव्हे. त्यास लोकसंमतीची जोड लागते.

धृतराष्ट्र कथा बदलून सांगतो, हेही लक्षणीय आहे. आदिपर्वातला यदू पित्याचे वार्धक्य नाकारतो. येथला यदू बळाच्या गर्वाने पित्याचा व भावांचा अवमान करतो. जरा आणि तारुण्य यांच्या अदलाबदलीचा उल्लेखच नाही. दुर्योधनाला आरसा दाखवायचा तर यदू असाच हवा. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये (१९५९) भर भोगलालसेवर आहे. तेथे वारसाहक्काचा हा राजकीय पैलू मागे पडतो. मराठी वाचकाच्या मनातली ययातिकथा बहुतांशी त्या कादंबरीने घडविली असल्याने मूळ कथेतील प्रजेचा आक्षेप आपल्या ध्यानातून निसटतो.

शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री'च्या तिसऱ्या भागाशी तुलना उद्बोधक ठरेल. तेथे हेन्री स्वतःचा मुकुट आजन्म राखण्यासाठी पुत्राचा वारसा यॉर्कला देऊन टाकतो. यामागे १४६० चा ऐतिहासिक करार आहे. तेथील पुत्र निरपराध असून पिता दुर्बळ आहे. येथे पुत्र उद्धट असून पिता त्याला समजावतो, पण आवरत नाही. दोन्हीकडे कायद्याने प्रश्न सुटत नाही. तो रणांगणावर जातो.

तथापि महाभारताचा विशेष अन्यत्र आहे. धृतराष्ट्राचे हे भाषण आपणास थेट ऐकू येत नाही. शिष्टाईहून परतलेला कृष्ण ते युधिष्ठिराला सांगतो. आणि कृष्ण हा यादव, म्हणजे त्याच पदच्युत यदूचा वंशज. आपल्या पूर्वजाचा अधिक्षेप तो कोणतीही टिप्पणी न करता कथन करतो. सिंहासनावरून दूर केलेला वंश कथेतून मात्र दूर होत नाही. राज्य कोणाचे, या वादात मध्यस्थीही तोच करतो आणि तिची हकीकतही तोच सांगतो. वारसाला राज्यातून काढता येते, हे धृतराष्ट्र सिद्ध करतो. त्याने काय साधते, हा प्रश्न मात्र महाकाव्य कृष्णाच्या मुखाने खुला ठेवते.