ऑपरेटिंग सिस्टीमचे ऑनलाइन प्रमाणपत्र: ते काय सांगते आणि काय सांगत नाही

भिलाईत आमच्या प्रयोगशाळेत घडलेल्या एका प्रसंगाने सुरुवात करतो. पाचव्या सत्राचा वर्ग होता. सी भाषेत 'फोर्क' वापरून एका प्रोसेसपासून दुसरी प्रोसेस तयार करायची, एवढेच काम होते. एका विद्यार्थ्याच्या यादीत एक प्रोसेस अडकून राहिली. तिच्या नावापुढे 'डिफंक्ट' असे दिसत होते. तो 'किल' ही कमांड 'उणे ९' लावून पुन्हा पुन्हा देत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "सर, ये मर ही नहीं रहा."

या मुलाने काही महिन्यांपूर्वी ऑपरेटिंग सिस्टीमचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी पूर्ण केला होता. मी त्याला विचारले, झोम्बी प्रोसेस म्हणजे काय? त्याने व्याख्या अचूक सांगितली: जी प्रोसेस संपली आहे, पण जिचा शेवटचा निकाल पालक प्रोसेसने अजून घेतलेला नाही, ती झोम्बी. मी म्हटले, "मग जी आधीच संपली आहे, तिला तू मारणार कसा?" तो क्षणभर थांबला. मग त्याने पालक प्रोसेसचा क्रमांक शोधला, तिला बंद केले आणि झोम्बी यादीतून गेली. नंतर प्रोग्रॅममध्ये 'वेट' टाकून त्याने चूक मुळातून दुरुस्त केली.

त्या मुलाला व्याख्या येत होती, पण पडद्यावर दिसणारी गोष्ट म्हणजे तीच व्याख्या आहे, हे त्याला ओळखता आले नाही. त्याला मिळालेले प्रमाणपत्र खोटे नव्हते. ते फक्त पहिल्या गोष्टीबद्दल बोलत होते. ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणाऱ्या दोन प्रकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची ही चिकित्सा मी याच दृष्टीने करणार आहे.

(कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यायची आहेत.)

१. पहिला प्रकार: संकल्पना शिकवणारा अभ्यासक्रम

तुमच्यापैकी अनेकांना एनपीटीईएल माहीत आहे. आयआयटी आणि आयआयएस्सी यांचा हा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. आज त्याचे अभ्यासक्रम 'स्वयम्' या सरकारी मंचावरून घेता येतात. व्याख्याने विनामूल्य आहेत, शुल्क परीक्षेचे आहे. युजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून करून त्यांचे क्रेडिट घेण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. म्हणजे हे आता केवळ हौसेचे शिक्षण राहिलेले नाही. ते तुमच्या गुणपत्रिकेत येऊ शकते. म्हणूनच त्याची तपासणी नीट व्हायला हवी.

शिकवण्याच्या बाबतीत या अभ्यासक्रमांचा दर्जा चांगला आहे. उदाहरणार्थ, आयआयटी मद्रासचे प्रा. चेस्टर रिबेरो यांचा ८ आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम पाहा. त्यात 'एक्सव्ही६' या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रत्यक्ष कोड उघडून समजावला आहे. एक्सव्ही६ ही एमआयटीने २००६ मध्ये अध्यापनासाठी तयार केली. तिचा आधार १९७५ चे युनिक्स, सहावी आवृत्ती. तिचा कर्नल दहा हजार ओळींच्या आत आहे, त्यामुळे एक विद्यार्थी तो एका सत्रात वाचू शकतो. लहान गावातल्या महाविद्यालयात असा शिक्षक मिळेलच असे नाही. तो घरबसल्या मिळतो, हे मोठे काम आहे.

माझा आक्षेप मूल्यमापनावर आहे. अंतिम गुणांत साप्ताहिक असाइनमेंटना २५ आणि केंद्रावरील परीक्षेला ७५ गुण असतात. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यासक्रमांत या दोन्हींचा मुख्य भर पर्याय निवडण्यावर आणि छोटी गणिते सोडवण्यावर असतो. असा एक नमुना स्वतः सोडवून पाहा.

तीन प्रोसेस एकाच वेळी आल्या. त्यांना प्रोसेसरचा अनुक्रमे ५, ३ आणि १ एकक वेळ हवा आहे. राउंड रॉबिन पद्धत आहे, एका पाळीचा वेळ २ एकक. सरासरी प्रतीक्षा किती? क्रम असा लागतो: पहिली ० ते २, दुसरी २ ते ४, तिसरी ४ ते ५, पहिली ५ ते ७, दुसरी ७ ते ८, पहिली ८ ते ९. प्रतीक्षा अनुक्रमे ४, ५ आणि ४. सरासरी १३ भागिले ३, म्हणजे सुमारे ४.३३.

गणित बरोबर आहे आणि ते यायलाच हवे. पण यात ५, ३ आणि १ हे आकडे दिलेले आहेत. खऱ्या मशीनवर कोणती प्रोसेस किती वेळ घेणार, हे आधी कोणी सांगत नाही. शेड्युलरची खरी अडचण तीच आहे आणि ती अडचण या प्रश्नातून काढून टाकलेली आहे. विद्यार्थी अशी वीस गणिते सोडवतो आणि त्याला वाटते, शेड्युलिंग आले.

आता हेच लिनक्सवर करून पाहा. न थांबणारे लूप असलेले दोन प्रोग्रॅम 'टास्कसेट'ने एकाच कोअरवर बांधा. एकाला 'नाइस' मूल्य ० ठेवा, दुसऱ्याला १०. कर्नलमध्ये या दोन मूल्यांचे भार १०२४ आणि ११० आहेत. म्हणजे वाटणी साधारण ९० आणि १० टक्के व्हायला हवी. एकाच टर्मिनलमधून दोन्ही सुरू केले तर 'टॉप' कमांडमध्ये तसेच काहीसे दिसेल. मात्र दोन वेगळ्या टर्मिनलमधून सुरू केले, तर अनेक उबुंटू मशीनवर वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी दिसू शकते! कारण कर्नल प्रोसेसचे गट करतो, वेळ आधी गटांमध्ये वाटतो आणि मग गटाच्या आत 'नाइस' पाहतो. हे पाहून तुम्ही चक्रावाल, कारण शोधाल, आणि शेड्युलर म्हणजे काय हे त्या शोधात कळेल. चार पर्यायांच्या प्रश्नात या चक्रावण्याला जागा नाही.

यावर कोणी म्हणेल की हजारो विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके तपासणार कोण? प्रश्न रास्त आहे. पण एनपीटीईएलवरच सी आणि पायथनच्या काही अभ्यासक्रमांत प्रोग्रॅम लिहून द्यायच्या असाइनमेंट असतात आणि त्या संगणकच तपासतो. 'फोर्क' आणि 'पाइप' वापरून एक छोटा शेल लिहा, असे काम त्याच पद्धतीने तपासता येईल. म्हणून हे अशक्य आहे असे मी मानत नाही. ते अजून पुरेसे केलेले नाही, एवढेच.

२. दुसरा प्रकार: हाताने करून घेणारा अभ्यासक्रम

दुसऱ्या टोकाला आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला हा उपक्रम मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो. प्रत्येक भाग साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावरची कृती तीच राहते आणि निवेदन भारतीय भाषांत ऐकायला मिळते. त्यात मराठीही आहे. लिनक्सच्या मालिकेत मूलभूत कमांड, फाइल सिस्टीम, फाइलचे परवाने, रिडायरेक्शन आणि पाइप, प्रोसेस हाताळणे असे भाग आहेत. एका खिडकीत व्हिडिओ, दुसऱ्या खिडकीत टर्मिनल. ऐकायचे, थांबवायचे, करायचे, अशी पद्धत आहे.

भाषेचा मुद्दा मला जवळचा आहे. पोलाद कारखान्यामुळे भिलाईत देशभरातून कुटुंबे आली. आमच्या एका तुकडीत हिंदी, छत्तीसगढी, मराठी, तेलुगू आणि बंगाली बोलणारी मुले शेजारी बसतात. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या भीतीने टर्मिनलला हात न लावणारा मुलगा स्वतःच्या भाषेत दहा मिनिटे ऐकून फाइलचे परवाने बदलतो, हे मी पाहिले आहे. जे पुस्तकाला जमत नाही ते येथे जमते.

पण या पद्धतीलाही मर्यादा आहे. व्हिडिओत प्रत्येक कमांड चालते. निवेदक जे टाइप करतो तेच तुम्ही टाइप करता आणि त्याच्यासारखेच उत्तर येते. काही बिघडलेच, तर ते बहुधा दाखवण्यासाठी मुद्दाम बिघडवलेले असते. खऱ्या कामात मात्र 'परमिशन डिनाइड' किंवा 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हेच आधी भेटते. आणि हे संदेश बहुतेक वेळा इंग्रजीतच येतात, तेव्हा मराठी निवेदन सोबत नसते. संदेश वाचून त्याचे कारण शोधणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते नकल करून येत नाही.

दुसरी उणीव जुनेपणाची. काही भाग उबुंटू १०.१० सारख्या २०१० च्या आवृत्तीवर चित्रित झालेले आहेत. तेव्हाचे मेनू आज सापडत नाहीत आणि विद्यार्थी गोंधळतो. कमांड मात्र बहुतेक तशाच आहेत. 'एलएस', 'सीपी', 'ग्रेप' यांना एवढ्या वर्षांत फारसे काही झालेले नाही. म्हणून या मालिकेतले टर्मिनलचे भाग निःशंकपणे घ्या आणि माउसने करायचे भाग तपासून घ्या.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. 'हे कर' हे कळते, 'हे असे का' हे फार थोडे कळते. परवाने बदलायला शिकलेला विद्यार्थी मला सांगतो की फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवली की ती कोणी काढून टाकू शकत नाही. हे चूक आहे. फाइल काढणे म्हणजे डिरेक्टरीतली तिची नोंद काढणे. त्यासाठी सर्वसाधारणपणे डिरेक्टरीवर लिहिण्याचा परवाना लागतो, फाइलवर नाही. 'आरएम' एकदा विचारेल आणि फाइल काढून टाकेल. हे समजायला आयनोड म्हणजे काय ते ठाऊक हवे, आणि ते पहिल्या प्रकारच्या अभ्यासक्रमात आहे.

३. मग काय करावे?

एक अभ्यासक्रम कारण सांगतो आणि हात रिकामे ठेवतो, दुसरा हात चालवतो आणि कारण सोडून देतो. तुम्ही दोन्ही प्रमाणपत्रे घेतली तरी हे दोन तुकडे आपोआप जोडले जात नाहीत. ते जोडण्याचे काम तुमचे आहे. त्यासाठी प्रत्येक आठवड्याच्या व्याख्यानानंतर एक प्रयोग करा. व्हर्च्युअल मशीनवर करा, म्हणजे काही बिघडले तरी हरकत नाही. सुरुवातीला हे चार पुरेत:

अ) पालक प्रोसेस जिवंत ठेवून 'वेट' न करता मुलाला संपू द्या. झोम्बी पाहा. मग पालक बंद करा आणि झोम्बी कुठे जाते ते पाहा.

आ) वर सांगितलेला 'नाइस'चा प्रयोग, एका आणि मग दोन टर्मिनलमधून.

इ) एखादी मोठी फाइल एका प्रोग्रॅममध्ये उघडी ठेवा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून काढून टाका. 'डीयू' जागा मोकळी झाल्याचे सांगेल, 'डीएफ' सांगणार नाही. प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा पाहा. फरक का पडला ते दोन ओळींत लिहा.

ई) 'मॅलॉक'ने १ जीबी मेमरी मागा, पण तिला हात लावू नका. 'टॉप'मधले व्हर्च्युअल आणि रेसिडेंट हे दोन रकाने पाहा. मग त्या मेमरीत प्रत्यक्ष लिहा आणि पुन्हा पाहा.

प्रत्येक प्रयोगाआधी काय दिसेल याचा अंदाज वहीत लिहा आणि नंतर काय दिसले ते लिहा. अंदाज चुकला तर ते पान सर्वांत मोलाचे समजा. वाचनासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातील रेम्झी आणि अँड्रिया अर्पाची-दुसो यांचे 'ऑपरेटिंग सिस्टीम्स: थ्री ईझी पीसेस' हे पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य आहे. त्याच्या अनेक प्रकरणांच्या शेवटी असेच करून पाहण्याचे प्रश्न आहेत.

सुरुवातीच्या मुलाकडे पुन्हा वळतो. त्याचे प्रमाणपत्र निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. एक प्रश्न विचारताच त्याला पाच मिनिटांत मार्ग सापडला, कारण व्याख्या त्याच्याजवळ होती. ज्याच्याजवळ ती नव्हती, तो शेजारचा मुलगा मशीन बंद करून पुन्हा सुरू करत होता. पण तो प्रश्न विचारायला मी तेथे उभा होतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात, रात्री सर्व्हर अडकल्यावर, तो प्रश्न तुमचा तुम्हालाच विचारावा लागेल.

स्वाध्याय: वरील प्रयोग 'इ' करा. काढून टाकलेल्या फाइलची जागा लगेच मोकळी का होत नाही, हे आयनोड आणि उघड्या फाइलची नोंद या दोन संकल्पना वापरून दहा ओळींत, स्वतःच्या भाषेत लिहा.